काशीत सोडलेलं कारलं

ए बाळू, रबडी खातोयस ना? खा, खा. लतिका, तूही खा. मातीचा पुरवा हातात धरूनच ऐका. ही झूठ बात नाही हां, आपल्या विष्णु गुरुजींच्याच घरी घडलेली. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. दोन वर्षं झाली. मार्गशीर्षातली अमावस्या होती, आणि थंडी अशी की कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

अकोल्याचा श्रीराम म्हणून एक जण गुरुजींकडं उतरला होता, बायको बकुळला घेऊन. आईच्या अस्थी गंगेत सोडायला. माणूस चांगला, पण रबडी दिसली की पोराहून पोर. साखरेची बीमारी. डाव्या पायाचा अंगठा डॉक्टरनं कापला, तरी चोरून खायचाच.

त्याच्या आईचे केस पूर्वी हातभर होते. मेंदी लावायची, माक्याचं तेल लावायची. विंचरून झालं की गुंतवळ बोटाला गुंडाळायची, त्यावर थू करायची नि फेकायची. श्रीरामला त्याची भारी किळस. शेवटच्या आजारात औषधांनी तिच्या डोक्यावर एक केस राहिला नाही. पण मरताना तिनं याचं मनगट असं धरलं की सुटेना. म्हणाली, "काशीला माझी हाडं सोडशील ना, तिथंच रबडी पण सोड. नाहीतर पाय जाईल रे तुझा. वचन दे."

दिलं यानं.

आपल्याकडं काशीला आलेला माणूस आवडीचा एक जिन्नस सोडून जातो, तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा जन्मात तोंडाला लावायचा नाही. सकाळी नावेतून अस्थी सोडल्यावर गुरुजींनी याच्या हातावर पाणी घातलं नि विचारलं, "काय सोडता, यजमान?"

"कारलं."

बकुळनं कोपर मारलं. "अहो! कारलं तुम्ही खाता तरी कधी?"

"म्हणूनच सोडतोय. गप बस. आई काय बघायला येतेय?"

असं म्हणाला. भर गंगेत.

रात्री साडेअकराला बकुळ झोपली, तसा हा शाल गुंडाळून सटकला. चौकातलं दुकान बंद होता होता पुरवाभर रबडी घेतली. कुणी बघू नये म्हणून घाटाच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. घाणेरडी जागा. कुजके झेंडू, पानाच्या पिचकाऱ्या, वर मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर येतोय. यानं पुरवा मांडीत धरला, एका हातानं नाक दाबलं नि दुसऱ्या हाताचं बोट रबडीत बुडवलं.

पहिला घास... वा!

दुसऱ्या घासाला दातात काहीतरी अडकलं. काढलं तर केस. लांबच लांब. खाली मेंदीचा लाल, वर पांढराफटक.

"ईऽऽ काका!"

ईऽ काय, लतिका? अजून कुठं काय झालंय! यानं हलवायाला शिवी हासडली, केस गमछ्याला पुसला नि पुन्हा घास घेतला. असला हावरा!

पुन्हा केस.

हा दातात नव्हता. घशात होता. टोक तेवढं जिभेवर, बाकीचा खाली. यानं चिमटीत धरला. ओढला. येतोय. येतोय... पोटातनं येतोय. ओकारी आली. रबडी आंबट होऊन नाकातनं गळायला लागली. हातावर केसांचा चिकट गोळा झाला, तरी केस संपेना. त्याला वास माक्याच्या तेलाचा. आणि त्याखाली... इस्पितळाचा.

तेवढ्यात मागं... वरच्या पायरीवर...

खर्र.

फणी.

खर्र... खर्र...

कुणीतरी केस विंचरत होतं. सावकाश.

यानं मान वळवली नाही. गंगेकडं बघत राहिला. पाणीसुद्धा हलत नव्हतं.

फणी थांबली.

...

थू.

मानेवर ओलं पडलं.

पुरवा तिथंच टाकून हा पळाला. तुटक्या अंगठ्याचा पाय घेऊन, पडत, धडपडत. गल्लीतल्या नळाखाली मान घासली, घासली, कातडी सोलेपर्यंत घासली. मग दाराला आतून कडी घालून रजईत शिरला.

का रे बाळू, पुरवा खाली का ठेवलास? संपव की.

रबडी सुटली त्याची, ते सांगायलाच नको. नाव काढलं तरी ओकायचा. पण आधी सकाळचं ऐका.

सकाळी बकुळ उठली. दाराची कडी आतून तशीच. तिनं विचारलं, "अहो, हे काय आणून ठेवलंत उशाशी?"

पुरवा होता. रबडीचा. आतून चाटूनपुसून लख्ख.

आणि तळाशी गुंतवळ. बोटाला गुंडाळून नीट केलेलं. अर्धं लाल, अर्धं पांढरं.

बकुळनं बोट लावून बघितलं...

ओलं होतं.