वच्छलानं शिवलेलं जाकीट

सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती. त्या दिवसांत कुंडलिक कातडीवाल्याच्या दुकानासमोरून दिवसातून दोनदा एक फटफटी धूळ उडवत जायची. त्या दुपारी मात्र ती थांबली... नेमकी दारातच.

कुंडलिक कातडी बघायला मंद्रूपच्या बाजारी गेला होता आणि दुकानात त्याची लेक वच्छला एकटी होती. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेला एक तरणा गडी आत आला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

भिंतीवर चार जाकिटं टांगली होती. गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना आपलं फाटकं जाकीट टाकून गेला, तेव्हापासून कुंडलिकला अशा जाकिटांचा नाद लागला. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं आणखी तीन मिळवली. वच्छलानं एकेकाची शिवण उसवली, कापणी समजून घेतली आणि पुन्हा जशीच्या तशी शिवून ठेवली.

"ते लोकरीच्या अस्तराचं देता का?"

"ती इकायची न्हायत. शिकायची हायत." वच्छलानं त्याच्या अंगावरच्या जाकिटाकडे नजर टाकली. "तुमचं मेंढीचं हाय. मऊ लागलं म्हणून घेतलं असंल?"

"व्हय की. मुंबईस्नं."

"लग्नात मिरवाया झ्याक. फटफटीवरनं पडला, तर कागदावानी फाटंल."

"मी पडीनच असं कशावरनं?"

"चाकं दोनच हायत म्हणून..."

तो खदखदून हसला. वच्छलानं ओठ दाबून धरले, पण डोळे काही ऐकेनात.

त्याचं नाव मानसिंग. गाव केम. जत्रेतल्या तंबूत आणि बार्शीच्या थेटरात तोच चित्रपट चालू होता, पण त्याची प्रत एकच होती. इथला खेळ संपला की रिळं पाठीला बांधून तो बार्शीकडे सुटायचा.

वच्छलानं बकऱ्याची कमावलेली कातडी त्याच्यापुढं पसरली. "घडी घालून बघा. भेग पडली तर कातडं वाळकं. आता वास घ्या. कुजका न्हाय न्हवं? पाठीचं कातडं घट्ट असतं, तेच घ्यायचं. पोटाकडचं ढिलं."

"एवढं पारखून तर आमची आय सूनबी बघायची न्हाय!"

वच्छला गोरीमोरी झाली आणि उगाच तीच घडी पुन्हा घालत बसली.

"मग ह्याचंच एक जाकीट शिवून द्या. माप तुमचे आबा आल्यावर घेतील?"

ती घुटमळली. आबांची नजर अधू झाल्यापासून, गेली तीन वर्षं, दुकानातली सगळी बारीक शिवण तिच्याच हातची होती. पण पोरीच्या हातचं काम गिऱ्हाईक घेणार नाही, म्हणून ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती.

"मीच घेते. गाडीवर बसा. उभ्यानं माप घेतलं तर हात लांबवल्यावर बाही वर चढती."

तो गाडीवर बसला. दोऱ्याचं एक टोक तिनं त्याच्याच हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. दोघांच्या मध्ये हातभर दोरा ताणलेला... आणि तरी मापाची गाठ तिनं दोनदा चुकीच्या जागी मारली.

"श्वास धरू नका. जाकीट घट्ट व्हईल."

"मी कुटं धरतोय? त्योच अडकलाय."

पंधरा दिवसांत मानसिंग पाच वेळा आला. कधी गुंडी मोठी हवी, कधी खिसा खोल हवा, कधी गळपट्टी टोचते. जाकीट अजून अंगात घातलं नसताना गळपट्टी कशी टोचते, हे वच्छलानं विचारलं नाही. शेवटी जाकीट तयार झालं, तेव्हा ते त्याच्या हाती देताना तिलाच ते सोडवेना.

"गावाकडं दोन दिस जाऊन येतो," तो म्हणाला.

"या..." ती म्हणाली. "वैरागचं स्थळ आलंय मला. चपलांचं मोठं दुकान हाय. त्यांच्यात बायका आरीला हात लावत न्हायत. आबा म्हणत्यात, सुखात बसून खाशील."

मानसिंगनं जाकीट अंगात घातलं, गुंड्या लावल्या. मग गाडीला लाथ मारून तो निघून गेला.

चौथ्या दिवशी मानसिंग आला, पण फटफटीवर नाही, स्टेशनावरून चालत. पुढं त्याची आई होती, दगडाबाई. केमला कातडी कमावण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिच्या काखेत तेच जाकीट. तिनं ते कुंडलिकपुढं उलटं केलं.

"पाव्हनं, ही शिवण कुणाची?"

कुंडलिक खाकरला. "दुकान माझं, म्हंजे... माझीच."

वच्छला दाराआड उभी होती. आता गप्प राहिलं तर जन्मभर गप्प राहावं लागेल, एवढं तिला कळलं. ती बाहेर आली.

"न्हाय आबा. माझी हाय."

कुंडलिकनं मान खाली घातली. दगडाबाईनं वच्छलाचा हात ओढून उजेडात धरला. बोटांवरचे आरीचे घट्टे चाचपले आणि हसली. "मला कळलंच हुतं. म्हाताऱ्या डोळ्यांची शिवण न्हाय ही. पाव्हनं, माझ्या लेकाला ही पोरगी द्या. आरी सोडाया लावणार न्हाय, माझा शब्द हाय."

कुंडलिकनं लेकीकडे पाहिलं. "तिलाच इचारा," तो हळूच म्हणाला. "लई दिस मीच तिच्या वाटचं बोलत आलो." आणि दगडाबाईला चहा पाजायला तो आत घेऊन गेला.

दोघंच उरली.

"त्या दिशी काहीच का बोलला न्हाय?" वच्छलानं विचारलं.

"भ्यालो. पर वाटंत वैराग लागलं... आन् वाटलं, ही हितं नांदाया आली, तर ह्या रस्त्यानं मला रोज कसं जाता येईल?" त्यानं डोळे वर केले. "वच्छला, आधी मला वाटायचं रस्ता संपूच नये. आता सोलापुराकडं येताना वाटतं, लौकर संपावा. तू... व्हय म्हणशील?"

बाहेर टांगेवाला घंटा वाजवत गेला. तिनं तो आवाज विरेपर्यंत त्याला ताटकळत ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "पर गाडी हळू चालवत या. मी कुटं पळून जात न्हाय."