लठ्ठ उंदरांचा उपास

लाइट गेलीच आहे तर ऐका, पण मधे कुणी दात काढायचे नाहीत. नवशा माझ्या मेहुण्याचा शेजारी, लोधिवलीचा. त्याच्याच तोंडून ऐकलंय.

रसायनीकडच्या एका औषधाच्या लॅबमध्ये तो उंदीर सांभाळायचा. जन्मजात लठ्ठ उंदीर, कितीही खाल्लं तरी भूक न भागणारे. त्यांच्या रक्तात इन्शुलिन किती, ते मॅडम मोजायच्या. त्यासाठी आदल्या रात्री उंदरांना उपाशी ठेवायचं, एवढंच नवशाचं काम.

ती महाशिवरात्रीची रात्र. नवशालाही उपास. बायकोनं, जागृतीनं दिलेला खिचडीचा डबा त्यानं उघडला, तर सगळे उंदीर जाळीला नाक लावून उभे.

"तुमी उपाशी आन् मी एकला खाऊ व्हय रं?" असं म्हणून त्यानं चिमूट चिमूट सगळ्यांना टाकली. मोठा दयाळू लागून गेला!

पोटात काही गेलं की इन्शुलिन चढतं; सकाळी सगळ्यांचं चढलेलं. प्रयोग वाया. मॅडम म्हणाल्या, "मारून टाक सगळे." नवशानं आपली चूक कबूल केली नाही. गॅसच्या पेटीत एकेक उंदीर स्वतःच्या हातानं सोडला.

त्या दिवशी रात्री, अमावास्येला, त्याची चार वर्षांची आवडी झोपेतून उठून बसली. "बाबा, भूक."

जागृतीनं दहीभात कालवला. पहिला घास पोटात गेला, आणि कपाटामागून आवाज आला. कुर्रर्र... जाळीवर दात घासल्याचा.

दुसरा घास. आवाज पलंगाखाली.

तिसरा... उशीपाशी.

नवशानं ताट हिसकावलं. आवाज मागं सरला. घासामागोमाग ते येतायत, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

"अवो, पोर घामानं भिजलीय. थरथरतेय. येक घास द्या..."

"नाय! ते तिला खातील गं!"

"बाबा... भूक..."

त्यानं पोरीला छातीशी आवळून धरलं. जागृती त्याच्या पाया पडली. तो हलला नाही.

मग आवडी गप्प झाली.

आवाजही...

डॉक्टर म्हणाले, अंगात इन्शुलिन उसळलं होतं, साखर तळाला गेली. जिभेवर चिमूटभर साखर ठेवली असती तरी पोर जगली असती. धडधाकट पोरीत एवढं इन्शुलिन आलं कुठून, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

शेवटची आंघोळ घालताना तिच्या डाव्या कानाच्या कडेला अर्धगोल खाच दिसली. रक्त नाही, सूज नाही, जुनी, भरून आलेली. नवशानं ती ओळखली. लॅबमध्ये उंदीर ओळखू यावेत म्हणून कानाला तशीच खाच मारतात. संध्याकाळी वेणी घालताना जागृतीनं तो कान पाहिला होता. चांगला होता.