उजव्या गुडघ्याचा रंग

तुकड्यावरच्या कूर्चेची जाडी मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा अडीच मिलिमीटर भरली.

श्रीवर्धनच्या आमच्या प्रयोगशाळेत गुडघे येतात ते झिजलेले. म्हणजे शस्त्रक्रियेत कापून काढलेली हाडांची टोकं, फॉर्मलिनच्या बरणीत. दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यावर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. आमच्याकडे येईपर्यंत बहुधा तिच्या चिंध्या झालेल्या असतात, कित्येकदा ती उरलेलीच नसते. या बरणीतली कूर्चा ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी आणि अखंड होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मनुबाई, वय चोपन्न, उजवा गुडघा, तीव्र झीज.

मी नेहमीसारखं काम केलं. हाडातला चुना हळूहळू काढणाऱ्या सौम्य द्रावणात एक तुकडा तीन आठवडे ठेवला, मेणात बसवला, केसाच्या पंधराव्या हिश्शाइतके पातळ काप घेतले आणि सॅफ्रानिननं रंगवले. निरोगी कूर्चा हा रंग धरते आणि लाल होते. झिजलेली फिकी राहते. स्लाइडवर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल पट्टा उमटला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

विश्वंभर सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो बराच वेळ उचलला नाही. ते आमचे पॅथॉलॉजिस्ट. अहवाल त्यांचा, पण रंगकाम व्यवस्थित झाल्याची सही माझी, आणि ती असल्याशिवाय अहवाल बाहेर जात नाही.

“रंग जास्त चढलाय,” ते म्हणाले.

“झिजलेला नमुना सोबत लावला होता, सर. त्याच रॅकमध्ये. तो फिकाच आहे.”

“सुचित्रा, आपण रंगारी. न्यायाधीश नव्हे. दुसरा तुकडा नायट्रिक ॲसिडमधून काढ.”

याचा अर्थ मला कळत होता. तीव्र ॲसिड चुन्याबरोबर रंग धरणारं द्रव्यही खाऊन टाकतं. मग कोणाचीही धडधाकट कूर्चा झिजल्यासारखी दिसते. नव्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, ही चूक करू नका. इथे तीच चूक मला काम म्हणून सांगितली जात होती.

पंधरा दिवस मी टाळलं. शस्त्रक्रिया केलेल्या हॉस्पिटलचा अहवालासाठी तिसरा फोन आला तेव्हा केलं. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचा सगळा राग दुसऱ्यांवरच काढला तर तो अप्रामाणिक ठरेल.

सोमवारी तुकडा ॲसिडमध्ये सोडला आणि शुक्रवारी सकाळी काप घेतले. तुलनेसाठी खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या गुडघ्याचा तुकडाही त्याच ॲसिडमधून काढला होता. बोकडाची कूर्चा फिकी पडली. पडायलाच हवी होती.

मनुबाईंची लाल होती. पहिल्या स्लाइडपेक्षा गडद.

रंगाची नवी बाटली फोडली, पाणी बदललं, उरलेले काप रंगवले. तेही लाल. कागदावर सात संभाव्य कारणं लिहिली आणि संध्याकाळपर्यंत साती खोडली. शनिवारी सरांनी स्लाइड पाहिली. “हरकत नाही. अहवाल टाइप झालाय. तू फक्त सही कर,” ते म्हणाले. मी सही केली नाही. करणार नाही, असंही म्हटलं नाही.

सोमवारी सकाळी काउंटरवरची रचना एका बाईंना घेऊन आत आली. काठी, सुपारी सोलून काळेभोर झालेले तळहात, उजव्या पायात धातूचा नवा गुडघा.

“ताई, या मनुबाई. रिपोर्टला आल्यात. मी सांगितलं, आमच्या ताईंची सही म्हणजे फणस. पिकेपर्यंत वाट बघायची.”

“पिकू दे, पन बेगी पिकू दे गो बाय,” मनुबाई हसत स्टुलावर टेकल्या. “रिपोट न्हाय तर डावा गुडगा करत न्हाय म्हनतात.”

“डावा?”

“दुखनारा डावाच हाय. आपरेशनच्या आदी त्याला बिब्बा घातला व्हता मी. सासू घालायची तसा. हे एवढाले फोड आले. डाक्टर म्हनाले, या कातडीवर सुरी चालवता येत न्हाय. आता टेबलावर घेतलीच हाय, तर आज उजवा करून टाकू.”

“उजवा दुखत होता?”

“कदी न्हाय. त्याच्यावरच तर उबी व्हते.”

बिब्ब्यानं कातडी भाजली, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. एवढंच करायचं असतं. हॉस्पिटलनं तारीख वाया जाऊ नये म्हणून एका बाईचा चांगला गुडघा कापला होता, आणि तो चांगला नव्हता हे आता मी लिहून द्यायचं होतं. माझा आवाज चढत नाही. तेव्हाही चढला नाही.

“एक इचारू, बाय? लोखंडाला दुखतं का?”

“नाही. का?”

“मागल्या सोमवारी बागेत सुपारी सोलत बसले व्हते. अडीचची येष्टी गेली आनि उजव्या गुडग्यात आग झाली. आंबट आग. चिंचंच्या कोळात बुडवल्यावानी. रातभर न्हाय इजली.” त्यांनी साडीवरूनच गुडघ्यावर हात ठेवला. “आनि शुक्रवारी सकाळी कातरायला लागलं. अडकित्त्यानं सुपारी कातरतो बग, पातळ पातळ, तसं. सवयच हाय, म्हनून मोजलं.”

“किती वेळा?”

“बारा.”

मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि रजिस्टर उघडलं.

माझंच अक्षर. सोमवार, तुकडा ॲसिडमध्ये, दोन तीस. शुक्रवार, काप: बारा.

हे रजिस्टर माझ्या खणात असतं. खणाला कुलूप असतं.

सर आले तेव्हा मी उभीच होते, रचना टेबलाशी.

“सही कर. उरलेलं सगळं पिवळ्या पिशवीत घाला, कचऱ्याची गाडी खाली आलीय.”

पिवळ्या पिशवीतलं सगळं भट्टीत जाळतात. तुकडा जळाला की मोजायला काही उरणार नव्हतं. अहवाल तेवढा उरणार होता.

“सर, त्या बाईंचा उजवा गुडघा दुखतच नव्हता.”

“सगळ्या असंच म्हणतात. आपला संबंध बरणीशी.” त्यांनी फॉर्म पुढे सरकवला, पेन उघडून दिलं. “रचना, टाक ती बरणी.”

रचनानं माझ्याकडे पाहिलं. मी पेन हातात घेतलं. तिनं बरणी पिशवीत ठेवली, मेणाचे ब्लॉक ठेवले, तोंड पिळून गाठ मारली आणि पिशवी उचलली.

बाहेर बाक सरकल्याचा आवाज झाला.

मनुबाई दारात आल्या होत्या. काठी बाकाशीच राहिली होती. दोन्ही हातांनी चौकट धरलेली, कपाळावर घाम. पिशवीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिच्यात काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“बाय,” त्या म्हणाल्या, “मला कुटं न्यायला लागलात तुमी?”

रचना होती तिथेच थांबली.

सरांनी घड्याळ पाहिलं. “सुचित्रा. सही.”

मी पेनाला टोपण लावलं.

“मी सही करणार नाही, सर. उजवा गुडघा निरोगी होता, असं मी माझ्या नावानं लिहून देणार आहे, मनुबाईंच्या हातात.” मग मी रचनाकडे वळले. “ती पिशवी खाली ठेव. सावकाश. आपटू नकोस, त्यांना लागतं.”