अप्पांना वाचता यावं म्हणून

"हे ज्यानं कुणी लिहिलंय ना, त्याला आणून हितं बसवायला पाहिजे."

शुक्रवार पेठेतल्या त्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं माना खाली घालून वाचत होती, आणि हे वाक्य शेजारच्या खुर्चीवरून आलं. घरचं नेट गेलं म्हणून उर्वी आज इथं आली होती. तिनं तिरक्या नजरेनं त्याच्या लॅपटॉपवर पाहिलं. पान ओळखीचं होतं. ओळखीचं काय, तिनंच लिहिलेलं होतं.

"बसलीय ना," ती हळूच म्हणाली. "बोला, कुठं अडलं?"

तो कानापर्यंत लाल झाला, मग हसला. हसू चांगलं होतं. उर्वीनं ते लगेच मान्य करून टाकलं, कारण खोटं बोलायची तिला सवय नव्हती, स्वतःशी तर नाहीच.

ती घरबसल्या एका परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहायची. सध्याचं सॉफ्टवेअर जरा न्यारं होतं. जगात असे बाजार आहेत, जिथं पुढं काय घडणार यावर लोक पैसे लावतात, आणि तिथल्या भावावरून एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती ते कळतं. हे सॉफ्टवेअर त्या भावावर नजर ठेवायचं आणि तो हलला की एआय एजंटला, म्हणजे नेमून दिलेलं काम आपणहून करणाऱ्या प्रोग्रॅमला, इशारा द्यायचं. पुढचं काम एजंटचं.

त्याचं नाव नंदीश. त्याला हे हवं होतं वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यासाठी. परदेशात टॉवेलवरचा कर उतरला की मागणी वाढणार, आणि तो उतरणार का, यावर तिकडं भाव चालू होता. शक्यता वाढली की एजंटनं अप्पांना मराठीत निरोप द्यायचा, आणि सूत घ्यायचं की थांबायचं ते अप्पांनी ठरवायचं. पण इशारा काही येतच नव्हता.

"शक्यता साठ टक्क्यांवर गेली की इशारा यावा, म्हणून मी साठ टाकले," नंदीश कुजबुजला.

"तिथं शून्य पूर्णांक सहा टाकायचं."

"ते कुठं लिहिलंय?"

उर्वीनं पान वर-खाली करून पाहिलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"चूक माझी," ती म्हणाली. "चला, चहा पाजते. आणखी काय काय राहिलंय तेही सांगा."

उर्वीच्या कामाची एक रीत होती. वाचणाऱ्यानं पुस्तिकेबरहुकूम करत जायचं आणि लिहिणाऱ्यानं शेजारी तोंड शिवून बसायचं. वाचणारा जिथं अडला, तिथं लिहिणारा चुकला. त्या दिवसापासून नंदीश तिचा वाचणारा झाला, आणि फारच अडू लागला.

"आता काय करायचं?" तो डोळे बारीक करून विचारायचा.

तो कुठं अडला ते उर्वी वहीत टिपून घ्यायची.

"न्हाय सांगणार?"

ती ओठ मिटून खिडकीबाहेर बघायची. तो मात्र तिच्याकडेच...

"पडद्यावर बघा," ती शेवटी म्हणायची.

"बोललात की. आजची भजी तुमच्याकडून."

ऊन तापायला लागलं तोवर अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं. अशाच एका दुपारी त्यानं सांगितलं, बेंगळुरूच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केलीय, शनिवारपर्यंत उत्तर हवंय.

"पण मी गेलो तर हे कोण बघणार? अप्पांना यातलं काय येतंय? थांबावं लागंल की."

उर्वीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला. आणि दुसऱ्याच दिवशी शंकरप्पांचा, म्हणजे त्याच्या अप्पांचा, फोन आला.

"पोरी, ते सगळं मला मराठीत लिहून दे. माझ्यापायी त्याचं अडायला नको."

वाईट लिहिलं असतं तर नंदीश राहिला असता. तिला ते स्वच्छ कळत होतं. पण वाईट लिहिणं तिच्या हातून व्हायचं नव्हतं. तिनं अप्पांसाठी एकेक ओळ अशी लिहिली, की कुठं ठेच लागू नये.

शनिवारी कारखान्याच्या ऑफिसात शंकरप्पा चष्मा लावून बसले. एका बाजूला उर्वी, दुसऱ्या बाजूला नंदीश – दोघांनाही बोलायची बंदी. अप्पा ओळीवर बोट ठेवून वाचत होते, करत होते. मध्येच थांबले. अडावेत, असं उर्वीला वाटलं... अगदी मनापासून वाटलं. पण अप्पांनी नुसता चष्मा पुसला आणि पुढची ओळ घेतली.

चाचणीचा इशारा गेला. अप्पांच्या फोनवर निरोप उमटला: 'कर उतरण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या वर. सुताचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.'

"आलं की मला," अप्पा लेकाला म्हणाले. "आता तुझं काय काम न्हाय हितं. जा बिनघोर." आणि ते मागांकडं निघून गेले.

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"लई चांगलं लिहिलंस," नंदीश पडेल आवाजात म्हणाला.

"अप्पांना तुझी गरज नाही," उर्वी म्हणाली. "मला आहे."

नंदीश खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"तू मला आवडतोस, नंदीश. जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तुझं तू ठरव. पण हे माहीत असून ठरव."

"मी कधी अडतच नव्हतो," तो हळूच म्हणाला. "त्या पहिल्या दिवसानंतर एकदा पण न्हाय."

"कळत होतं मला."

"मग?"

"तरी रोज यायचे ना मी."

नंदीशनं फोन काढला आणि बेंगळुरूला लावला. येत नाही म्हणाला. मग फोनवर हात ठेवून तिच्याकडे वळला.

"कारण विचारालेत."

"सांग की."

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं त्याला मोठ्यानंच सांगावं लागलं. "इथं एक मुलगी आहे. उर्वी तिचं नाव." मागावरच्या बाया वळून बघायला लागल्या, त्यांच्यात उभे असलेले अप्पाही. उर्वीनं मान खाली घातली नाही.