काळ्या खिडकीतले निरोप

रक्ताच्या फ्रिजमागून दोन बूट बाहेर आले होते. बूट रिकामे नव्हते. त्यांत पाय होते, आणि ते पाय हलत होते.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पिशव्या तपासायच्या, गट जुळवायचे, दात्यांना फोन करायचे आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फ्रिजच्या खोलीचं कुलूप उघडायचं, ही माझी कामं. त्या दिवशी कुलूप आधीच उघडलेलं होतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि माझ्या ओढणीचं टोक गळत होतं. मी कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा उचलला.

“कोण आहे तिकडे?”

“एक मिनिट... हातात वायर आहे.”

“ती खाली ठेवा आणि बाहेर या!”

“खाली ठेवली तर फ्रिज बंद पडेल.” बूट जरा पुढे सरकले. “पण तुम्ही म्हणत असाल तर—”

“नको! धरून ठेवा.”

जरा वेळाने तो सरपटत बाहेर आला. केसांत धूळ, एका भुवईवर कोळिष्टक. माझ्या हातातल्या दांड्याकडे त्याने फार गंभीरपणे पाहिलं.

“मॅडमनी बोलावलंय मला. फ्रिजला बोलायला शिकवायचंय.”

“मला तर त्या काही बोलल्या नाहीत.”

“मलाही तुमच्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या,” तो म्हणाला. “सावध करायला हवं होतं.”

मी त्याच्या समोरच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे आमच्या रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टर. त्या म्हणाल्या, हो, माणूस आपलाच आहे. मी दांडा ठेवला, पण सॉरी म्हटलं नाही. एखादा माणूस चोर निघाला नाही म्हणून त्याच्यावर संशय घेणं चूक होतं, असं थोडंच आहे? माझी ताई म्हणते, माझ्याशी लग्न करणाऱ्याला आधी तीन साक्षीदार आणावे लागतील. आणू देत की!

त्याचं काम असं होतं. फ्रिजचं तापमान वाढलं की आमच्या सगळ्यांच्या फोनवर आपोआप निरोप यायला हवा. आम्हा कर्मचाऱ्यांचा ग्रुप एका मेसेजिंग सेवेवर होता, ती कुलूपबंद निरोप पाठवणारी सेवा असते ना, त्यातलीच एक. आम्ही ती फोनवर बोटाने वापरायचो. हा मात्र त्यासाठी फोन वापरायचाच नाही. त्याच्या खिशात एक जुना बटणांचा फोन असायचा, आणि टेबलावर एक संगणक, ज्याच्या पडद्यावर नुसती काळी खिडकी. ना चित्रं, ना बटणं. तो त्या काळ्यावर पांढरी अक्षरं टंकायचा, एक आज्ञा, मग नंबर, मग मजकूर. एंटर मारला की इकडे माझा फोन थरथरायचा. सिस्टरनी त्याचं नावच ठेवलं, ‘खिडकीवाला’.

“हे चोरांच्या सिनेमात असतं तसं दिसतंय,” मी एकदा म्हटलं.

“मशीनला बोटं नसतात. तिच्याकडून निरोप पाठवायचा तर असंच लिहून द्यावं लागतं.” त्याने खुर्ची माझ्याकडे फिरवली. “आणि हे चोरांच्या कामाचं नाही. निरोप इथे बंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याकडेच उघडतो. मधल्या कुणालाही वाचता येत नाही.”

“तुम्हालाही?”

“मलाही.”

“असं सगळेच म्हणतात.”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटतो, हे मी नोंदवून ठेवलं. संशयिताच्या खुणा नोंदवाव्यातच.

दुसऱ्या दिवशी फ्रिजकडून मला पहिला निरोप आला— ‘तापमान ठीक. दार मात्र कुणीतरी उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत उभं आहे.’

मी दचकून दार लावलं. संध्याकाळी पुन्हा— ‘तापमान ठीक. बाहेर पाऊस आहे. छत्री टेबलाखाली राहिली आहे.’

“तुमचा फ्रिज आगाऊ आहे,” मी त्याला ऐकवलं.

“शिकतोय अजून,” तो काळ्या खिडकीतून मान वर न काढता म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

अशी आमची चहाची ओळख झाली. दुपारी मागच्या जिन्यात, पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत असताना तो खूप प्रश्न विचारायचा. दात्यांचे नंबर कुठे असतात, कोण फोन करतं, तुम्हाला सगळे कसे पाठ... मी उत्तरं द्यायची, आणि मग रात्री अंथरुणात उठून बसायची. हा माणूस इतकं का विचारतो?

आणि मग ते घडलं.

शेजारच्या रुग्णालयात एका बाळंतिणीला रक्तस्राव थांबेना. गट दुर्मीळ, निगेटिव्ह. आमच्याकडे एकच पिशवी उरली होती. मी ज्या दात्याला हक्काने फोन करते, ते चित्रकलेचे शिक्षक, त्यांना फोन लावला.

“अहो, परवाच तर देऊन आलो रक्त,” ते म्हणाले. “तुमच्याच माणसाचा फोन आला होता. गाडीसुद्धा पाठवली होती.”

आमच्याकडून कुणीच फोन केला नव्हता.

पुढच्या दात्याला फोन, त्याचंही तेच. कुणीतरी आमच्या नावाने दुर्मीळ गटाच्या माणसांना बोलावून त्यांचं रक्त भलतीकडे विकत होतं. शेवटी त्याच गटाची एक रिक्षावाली बाई भिजत आली, बाही वर करत म्हणाली, “घ्या पटकन, गाडी दारात उभी आहे,” आणि ती बाळंतीण वाचली. पण मॅडमनी आम्हा सगळ्यांना उभं करून एकच वाक्य उच्चारलं, “नावं बाहेर गेलीत, म्हणजे आतून गेलीत.”

मी कुणाकडे पाहिलं, सांगायला हवं का? तो दाराशी उभा होता. आणि तोही माझ्याकडेच पाहत होता.

दोन-चार दिवसांनी मी त्याच्यासाठी चहाचा कप घेऊन गेले. तो पाठमोरा बसला होता. काळ्या खिडकीत एक अनोळखी नंबर होता आणि त्यापुढे लिहिलं होतं— ‘आज पुन्हा बोललो तिच्याशी. अजून काही हाती लागलं नाही.’

मी चहा न देताच मागे फिरले. पण फिरण्याआधी फोनवर त्या पडद्याचा फोटो काढला.

घरी ताईला सगळं सांगितलं. ताईने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

“अगं, सरळ आहे! मित्राला सांगतोय. मुलगी आवडलीये, पण दाद देत नाही.”

“‘हाती लागलं नाही’ असं कोण लिहितं मुलीबद्दल?”

“लाजरा असेल तर लिहील.”

“नाहीतर चोर असेल तर लिहील.”

“दोन्ही असू शकतो,” पेपरामागून भाओजी म्हणाले. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा पेपरात शिरले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तो हळूच म्हणाला, “एक नवा दाता मिळालाय. दुर्मीळ गट. बेकरीत काम करतो. अजून कुणाला सांगितलं नाही— फक्त तुम्हाला.” आणि त्याने एक नंबर दिला.

‘फक्त तुम्हाला’ म्हणताना त्याचा आवाज इतका मऊ का झाला होता? मी तो नंबर कुणाला सांगितला नाही. फोनही केला नाही. चहा मात्र चालूच राहिला. आठवडाभराने मी जिन्यात त्याच्याकडे रोखून पाहत विचारलं, “तुमची ती कुलूपं... निरोप ज्याच्याकडे उघडतो, तोच चोर असला तर?”

त्याचा कप ओठांपाशी थांबला. चहा तसाच टाकून तो आत निघून गेला. झालं! माझी खात्री पटली. बोट बरोबर दुखऱ्या जागेवर पडलं होतं.

त्या संध्याकाळी जोराचा वारा सुटला आणि गच्चीवरची वायर निसटली. तो वर धावला. संगणक चालूच राहिला. काळी खिडकी रिकामी होती, एक पांढरी काडी तेवढी लुकलुकत होती. मला त्यातलं काही येत नव्हतं. पण आधी लिहिलेली ओळ परत हवी असली की तो वरच्या बाणाची कळ दाबतो, हे मी पाहिलेलं होतं.

मी दाबली. शेवटची ओळ उगवली, त्याच अनोळखी नंबरला— ‘मॅडम, ग्रुपमधली माणसं तपासली. एक नंबर जास्त आहे, गुलाबाचा फोटो असलेला. घरी येऊन सांगतो.’

मॅडम? हा मॅडमचा खासगी नंबर होता?

पुन्हा बाण. ‘निरोप उघडणाराच चोर असला तर, असं तिने विचारलं आज. हे मला सुचायला हवं होतं.’

पुन्हा. ‘पुरावा नाही, मॅडम. तरी सांगतो, ती नाही.’

ती ओळ मी दोनदा वाचली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी कसली थांबते!

पुन्हा. ‘तुमच्या आग्रहाखातर बेकरीवाल्याचं खोटं नाव फक्त तिला सांगितलंय. नंबर माझ्याच बटणांच्या फोनचा आहे. त्यावर त्या चोरांचा फोन आला, तर ती.’

आणि अगदी सुरुवातीची, बाळंतिणीच्याही आधीची— ‘दात्यांची नावं बाहेर जातायत असं तुम्ही म्हणता, तर सगळ्यात जास्त संशय त्या तंत्रज्ञ मुलीवर. दात्यांचे नंबर तिला तोंडपाठ आहेत. चहाच्या निमित्ताने बोलतं करतो.’

मागे पाण्याचे थेंब टपटपले. तो दारात उभा होता, नखशिखान्त भिजलेला.

“वरचा बाण दाबलात,” तो म्हणाला.

“हो.”

“कुठपर्यंत?”

“पहिल्या ओळीपर्यंत.” मी पडद्याकडे बोट केलं. “सगळ्या जगाचे निरोप कुलपात आणि स्वतःचे असे उघड्यावर?”

“पुसायला हवे होते...”

“तो चहा... तो चौकशीचा होता?”

“पहिला होता.”

“दुसरा?”

“दुसराही... अर्धा.”

“आणि नंतरचे?”

त्याने ओल्या बाहीने तोंड पुसलं. “नंतर चौकशी संपली होती. मॅडमना तसं कळवायला मी उशीर केला. कळवलं असतं, तर जिन्यात बसायला निमित्त उरलं नसतं.”

मी माझा फोन त्याच्यासमोर धरला. त्याच्या पडद्याचा फोटो. “मीसुद्धा हा मॅडमना दाखवणार होते. तुम्हाला पकडून देणार होते.”

“मग दाखवला का नाही?”

मी छत्री उचलली आणि निघून गेले.

गुलाबाचा फोटो आमच्या जुन्या भांडारपालाचा निघाला. तो नोकरी सोडून गेला, पण ग्रुपमधून त्याला काढायचं कुणालाच सुचलं नाही, आणि दात्यांची नावं-नंबर आम्ही तिथेच टाकायचो. सिस्टरना वाटायचं गुलाब माझा, मला वाटायचं ड्रायव्हरचा, ड्रायव्हरला वाटायचं मॅडमचा! खात्री करून घ्यायला खिडकीवाल्याने त्याच ग्रुपवर आणखी एका खोट्या दात्याचं नाव टाकलं. दुपारच्या आत त्याच्या खिशातला फोन वाजला— “रक्तपेढीतून बोलतोय, गाडी पाठवू का?” मॅडमनी पोलिसांत तक्रार केली, भांडारपाल पकडला गेला, आणि आम्ही सगळ्या दात्यांना एकेक करून फोन केले. बाळंतीण बाळाला घेऊन घरी गेली.

सगळं छान झालं. मी मात्र त्याच्याशी बोलत नव्हते. फ्रिजही माझ्याशी बोलत नव्हता. यायचं ते नुसतं ‘तापमान ठीक’, पुढे काही नाही. इतका कोरडा निरोप मी कधी वाचला नव्हता.

आणि एका दुपारी माझा फोन थरथरला. फ्रिज नव्हता. त्याचा स्वतःचा नंबर होता. वर सेवेची सूचना होती— ‘या व्यक्तीचा सुरक्षा क्रमांक बदलला आहे.’ खाली निरोप— ‘आज माझं इथलं काम संपतं. जिन्यात याल?’

क्रमांक बदलला? म्हणजे हा तोच कशावरून? मी जिन्यात गेले ती तपासायलाच. अगदी खरं सांगते, तपासायलाच.

तो पायरीवर बसला होता, हातात कोरा नवा फोन.

“नवा घेतला,” तो म्हणाला. “सेवा त्यावर नव्याने सुरू केली, म्हणून क्रमांक बदलला. म्हटलं, प्रत्येक वेळी तुमच्याशी बोलायला मशीन कशाला मध्ये...”

“निरोप तुमचाच होता, याला पुरावा काय?”

“त्याची सोय असते. तुमच्या आणि माझ्या फोनवर एक लांबलचक आकडा दिसतो. दोघांचा सारखा असला, तर मधे कुणी नाही.”

“मग वाचा.”

मी एक पायरी सोडून बसले. तो एकेक आकडा सावकाश वाचू लागला, मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून ‘हो’ म्हणत राहिले. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, तसं नीट ऐकू येईना. मग ती सोडलेली पायरी मला उतरावी लागली.

अर्ध्यात तो थांबला. “मी तुमच्यावर संशय घेतला. त्यासाठी माफी मागायची होती.”

“संशय घेतलात त्याचा राग नाही. मी कोण बोलणारी?” मी पडद्यावरून नजर काढली नाही. “चहा खोटा होता, त्याचा आहे.”

“शेवटचे सगळे खरे होते. पुरावा नाही.” त्याने नवा फोन गुडघ्यावर ठेवला. “तू आवडतेस मला. याचाही पुरावा नाही.”

पावसाचा आवाज एकदम मोठा झाला की माझ्या कानातलाच होता, कोण जाणे.

“पुढचा आकडा,” मी कशीबशी म्हणाले.

“आठ.”

“माझ्याकडे सात आहे.”

“शक्य नाही!” तो घाबरून माझ्या फोनवर वाकला. खांद्याला खांदा लागला. माझ्या पडद्यावर, माझ्या बोटाखाली, स्वच्छ आठ होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक डोळा जरा जास्त मिटला.

“खोटं बोललीस.”

“हो,” मी म्हटलं. “आता पुन्हा पहिल्यापासून वाच. आणि सावकाश... मला कुठे जायचं नाहीये.”