आतड्यातली पकड

एकाच आईची पिल्लं. एकाच गोठ्यात राहणारी, एकाच टाकीतलं पाणी पिणारी, एकाच घमेल्यातलं खाणारी. मग त्यातली निम्मी जुलाबाने आडवी पडली आणि निम्मी उड्या मारत राहिली, हे कसं?

केतकीला हे कोडं सुटत नव्हतं. तिची आई वैजयंता फलटणजवळच्या माळावर डुकरं पाळायची. पिल्लं नुकतीच आईच्या दुधावरून तोडली होती आणि लगेच ही साथ आली. एक पिल्लू दगावलंही होतं. अंगभर काळे ठिपके असलेलं तिळ्या नावाचं पिल्लू केतकीचं लाडकं. ते आता मान टाकून पडलं होतं. नेहमीचं औषध देऊन झालं होतं, पण या जंतूंवर त्याचा काहीच परिणाम होत नव्हता.

शेवटी वैजयंताने आपल्या वडिलांना बोलावलं. डॉ. हणमंत विटकर यांनी जनावरांच्या रोगांवर संशोधन करण्यात आयुष्य घालवलं होतं. ते आले तेच खिशातून हरभऱ्याएवढ्या दोन चकचकीत गोळ्या काढत.

"हे औषध आहे, आजोबा?"

"नाही गं. हा डोळा आहे. सूक्ष्मदर्शक (अतिशय बारीक गोष्ट मोठी करून दाखवणारं यंत्र) आणि दिवा, दोन्ही यात आहेत. एक गोळी तिळ्याला देऊ आणि दुसरी त्याच्या ठणठणीत भावाला, भोपळ्याला. आत काय चाललंय ते पडद्यावर दिसेल."

गुळाच्या खड्यात लपवलेली गोळी भोपळ्याने गटकन गिळली. तिळ्याला मात्र ती चमच्याने भरवावी लागली. मग आजोबांनी केतकीला मीठ-साखरेचं पाणी करायला लावलं आणि ते तिळ्याला घोटघोट पाजायला सांगितलं.

दुपारी पडदा उजळला. तिळ्याच्या लहान आतड्याची आतली बाजू दिसू लागली. गालिच्यासारखे उभे धागे, त्यांच्यावर पेशी (शरीर ज्यांचं बनलंय ते सूक्ष्म जिवंत घटक) आणि प्रत्येक पेशीला घट्ट चिकटलेले, काडीसारखे असंख्य जिवाणू.

"यांच्या अंगावर केस आहेत!" केतकी ओरडली.

"त्यांना तंतू म्हणतात. आतड्यातून सतत अन्नपाणी वाहत असतं. न चिकटणारा जिवाणू त्याबरोबर बाहेर जातो. म्हणून याने स्वतःला धरून ठेवायची सोय केलीय."

"आघाड्याच्या बियांसारखी? माझ्या फ्रॉकला त्या कशा चिकटतात!"

"अगदी तशी. आणि माझ्या गमबुटांना चिकटतात का?"

"नाही. ते गुळगुळीत असतात." बोलता बोलता ती थांबली. "आजोबा, भोपळ्याचं आतडं दाखवा ना."

आजोबांनी दुसरं चित्र लावलं. तेच धागे, तशाच पेशी, तेच काडीसारखे जिवाणू. पण इथे ते पेशीला टेकत, घसरत आणि प्रवाहाबरोबर निघून जात.

"याच्या पेशींना पकडायला जागाच नाही!"

आजोबांनी तिची पाठ थोपटली. "बरोबर ओळखलंस. तिळ्याच्या पेशींवर ग्राही आहेत. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची अशी जागा, जिथे ठरावीक आकाराची गोष्टच बसते. या जिवाणूचे तंतू तिथे नेमके बसतात. भोपळ्याला जन्मतःच ती जागा नाही. आईबापांकडून प्रत्येक पिल्लाला वेगळा वारसा मिळतो ना!"

वैजयंता इतका वेळ दारात उभी होती. तिने विचारलं, "पण बाबा, चिकटल्याने एवढे जुलाब का व्हावेत? हे काय पेशी कुरतडतात?"

"नाही, तीच तर कमाल! पेशी तो शाबूत ठेवतो. चिकटून बसतो आणि एक विष सोडतो. त्या विषामुळे पेशीच्या पाणी नि क्षार बाहेर सोडणाऱ्या तोट्या उघड्याच राहतात. पिल्लू आतून कोरडं पडतं. पण पेशीचा एक दरवाजा त्या विषाने बिघडत नाही. मीठ आणि साखर जोडीने आली की पेशी दोघांना आत घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत येतं. केतकी मघापासून तेच पाजतेय."

केतकी पडद्याकडे बघत राहिली. "केवढा हुशार आहे हा जिवाणू!"

"त्याला कुठलं डोकं! अगणित पिढ्यांमध्ये ज्यांच्या तंतूंना पकड मिळाली ते टिकले, बाकीचे वाहून गेले. तरीसुद्धा, इतकी वर्षं पाहतोय, पण माझं आश्चर्य काही संपत नाही."

"मग त्याचे तंतूच झाकून टाकले तर?"

आजोबा हसले आणि त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला. तंतूंचे प्रकार अनेक असतात. आता पडद्यावर नेमका प्रकार दिसल्यामुळे काय मागवायचं ते कळलं होतं. कोंबडीला हे तंतू टोचले की तिचं शरीर प्रतिपिंड (जंतूला ओळखून त्याला बिलगणारे रक्षक रेणू) तयार करतं आणि अंड्याच्या बलकात साठवतं. प्रयोगशाळेत तयार असलेली त्या बलकाची भुकटी संध्याकाळच्या आत ड्रोनने अंगणात उतरवली.

भुकटी खाद्यातून सगळ्यांना दिली. तिळ्याच्या आतड्यात नवे जिवाणू येत, पण त्यांच्या तंतूंना प्रतिपिंड बिलगलेले असत. पकड मिळत नसे आणि ते वाहून जात. जिवाणू चिकटलेल्या जुन्या पेशीही हळूहळू गळून त्यांच्या जागी नव्या आल्या. एका सकाळी तिळ्या लटपटत उठला, त्याने भोपळ्याला ढुशी देऊन बाजूला सारलं आणि घमेल्यात तोंड खुपसलं. वैजयंता पदराने डोळे पुसत हसली.

"पुढे आपण भोपळ्यासारखीच पिल्लं वाढवायची का?" तिने विचारलं.

"वाढवता येतील," आजोबा म्हणाले.

"पण मग जिवाणूला वेगळे तंतू आले तर?" केतकीने मध्येच विचारलं. "आणि आजोबा, माणसांच्या पेशींवर कुठले ग्राही असतात? माझ्या?"

आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर केतकी गुळाचा खडा घेऊन आली होती.

"अजून एक गोळी आहे का हो तुमच्या खिशात?"