नाव नसलेली चूक

आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मोठीत टेबलं, छोटीत बैठका. नवजात बाळांना थेंबाथेंबाने औषध देणारे पंप असतात ना, त्यांच्या आतला प्रोग्राम आम्ही लिहायचो.

मी येण्याआधी सगळा आनंदीआनंद होता. ज्याला जे सुचेल ते तो बदलायचा, संध्याकाळी पाठवून द्यायचा, आणि सकाळी हॉस्पिटलचा फोन यायचा. एकदा एक पंप मध्येच बंद पडला. बाळ थोडक्यात वाचलं. त्यानंतर साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "शिस्त लाव. मला शांत झोप हवी आहे."

मी दोनच नियम केले. काय बदलायचं ते आधी कागदावर लिहायचं. आणि बदललेली प्रत्येक ओळ चार जणांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर पाठवायची नाही.

वाचायचं काम माझं. समोर मास्तर, आयुष्यभर कॉलेजात शिकवून निवृत्तीनंतर प्रोग्राम लिहायला बसलेले. साहेब त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे मास्तर त्यांनाही अरे-तुरे करायचे, आम्हाला तर करायचेच. शेजारी लंबू, आमचा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात उतावळा प्रोग्रामर. मग माझी मावसबहीण, वीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती ती. आणि सापडलेल्या चुका वहीत उतरवणारी ताई.

"रोज पारायण करायचं, तर काम कधी करायचं?" लंबू कुरकुरला. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या स्वतःच्या तेवीस चुका निघाल्या आणि तो गप्प झाला.

ताई प्रत्येक चुकीपुढे ती शोधून काढणाऱ्याचं नाव लिहायची. पाचव्या आठवड्यात मी वही चाळत होते. एका चुकीपुढे नाव नव्हतं.

"ही कुणाची?"

"कुणीतरी बोललं, मी लिहिलं," ताई म्हणाली. "तूच नव्हतीस का?"

मी नव्हते. मास्तर नव्हते, लंबू नव्हता, मावसबहीणही नव्हती. राहून गेलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात तशा दोन निघाल्या. मग चार. अक्षर ताईचंच, भाषा मात्र तिची नव्हे. ताई लिहायची, 'ओळ चाळीस, चूक.' या नोंदी वेगळ्या होत्या: 'इथे थोडं थांबून पाहावं.' आम्ही थांबून पाहायचो, आणि दर वेळी तिथे काहीतरी असायचं. आम्हाला जन्मात सापडलं नसतं असं. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, उंच घुमटाखाली उभं राहिल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, तसं माझं झालं होतं.

सोमवारी नवा प्रोग्राम सगळ्या हॉस्पिटलांना जायचा होता. शुक्रवारच्या बैठकीनंतर वहीत एकच नोंद होती, पुढे नाव नाही. 'वीज जाऊन बॅटरी लागते, त्याच क्षणी परिचारिकेने वेग बदलला तर काय होतं, तेवढं पाहावं.'

"वॉर्डात हे कधीही होऊ शकतं," मावसबहीण म्हणाली.

लंबूने पंप टेबलावर ठेवला, खाली काचेचं भांडं. मावसबहिणीने वेग दीडवर आणला आणि त्याच क्षणी लंबूने वायर उपटली.

थेंब पडायचे थांबले. मग धार लागली.

पडद्यावर दीड होता. आत पंधरा झाले होते. दशांश चिन्ह गळून पडलं होतं.

मावसबहीण भांड्याकडे बघत राहिली. "आमची बाळं मुठीएवढी असायची गं," ती म्हणाली.

साहेबांनी तिथल्या तिथे सोमवार रद्द केला. चूक दुरुस्त करायला तीन आठवडे लागले. त्या दिवसापासून आमच्या बैठकांना कुणी नावं ठेवली नाहीत.

पण मला राहवेना. कुणाच्या तोंडून काय निघतं ते तरी कळू दे, म्हणून पुढच्या बैठकीला सगळ्यांना सांगून मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. बैठक नेहमीसारखीच झाली. उठताना वहीत आणखी एक बिननावाची नोंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून आम्ही पाचही जण ऐकायला बसलो.

माझा आवाज. ओळीमागून ओळ. एके ठिकाणी मी थांबले होते. पुढे काहीच नव्हतं, फक्त पंख्याची घरघर.

मग ताईच्या पेनाची खरखर. ती कुणाचं तरी ऐकून लिहीत होती.

मग मास्तर. "बरोबर आहे तुमचं. आमच्या लक्षातच आलं नाही."

"तुमचं?" लंबू पुटपुटला.

मास्तरांनी चष्मा काढला. "मी असं बोललो?"

रेकॉर्डिंग चालूच होतं. पुन्हा शांतता, या वेळी लांबलचक. काहीतरी समजावून सांगायला लागेल तेवढी.

आणि मग आमचा पाचही जणांचा एकदम आवाज आला.

"हो."

मी वही ओढून घेतली. आम्ही कशाला हो म्हटलं होतं, ते ताईने लिहिलं नव्हतं. त्या जागी एक ओळ कोरी सोडलेली होती, आणि तिच्याखाली आमच्या पाच सह्या होत्या.